ओळख हरवलेले पिंप : घातक कचरा हाताळणाऱ्या कामगारांचे प्रशिक्षण

जो कचरा विषारी असतो, चटकन पेट घेतो, कातडी आणि धातू जाळतो किंवा दुसऱ्या पदार्थाशी गाठ पडताच उसळतो, त्याला घातक कचरा म्हणतात. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या हौदातले वापरून झालेले द्रावण, औषधे बनवताना रिॲक्टरच्या तळाशी उरणारा डांबरासारखा साका, गॅरेजमध्ये गाडीतून काढलेले काळे ऑइल, सांडपाणी प्रक्रिया केंद्रात साचलेला रासायनिक गाळ, हे सगळे या सदरात मोडते. भारतात २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांना जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात कोणत्या उद्योगातून कोणता घातक कचरा निघतो याची क्रमवार यादीच दिली आहे. त्या यादीत ३३.१ या क्रमांकावर घातक रसायने लागलेली रिकामी पिंपे आणि डबे आहेत. आतला माल काढून घेतला तरी पिंप कचराच राहते, असा त्याचा अर्थ. एवढी एक गोष्ट कामगाराच्या मनात पक्की बसली, तरी प्रशिक्षणातले निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

रसायन हाताळणे आणि रासायनिक कचरा हाताळणे ही दोन वेगळी कामे आहेत. विकायच्या रसायनावर नाव असते, शुद्धतेचे प्रमाण असते, बॅच क्रमांक असतो आणि सोबत सुरक्षा माहितीपत्रक येते. कचऱ्याला गिऱ्हाईक नसते, त्यामुळे त्याचे नाव लिहून ठेवायची कुणालाच घाई नसते. शेडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या २०० लिटरच्या एखाद्या निळ्या पिंपात सोमवारी वापरलेले सॉल्व्हंट ओतले जाते. बुधवारी दुसऱ्या पाळीचा हेल्पर त्यातच फरशी पुसलेल्या चिंध्या टाकतो, शनिवारी प्रयोगशाळेतून आलेल्या चार बाटल्या त्यात रिकाम्या होतात. पुढच्या आठवड्यात ते पिंप उचलायला आलेल्या माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या हाती फक्त एक जड, झाकण लावलेले पिंप येते. म्हणून या कामाचे प्रशिक्षण एखाद्या रसायनाचे गुणधर्म पाठ करून घेण्यापेक्षा अनोळखी वस्तूशी कसे वागावे, हे शिकवणारे असावे लागते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? २०१६ च्या नियमांतला चौथा नियम कचरा निर्माण करणाऱ्यावर आणि हाताळणाऱ्यावर जबाबदारी टाकतो : कामाच्या जागी असलेल्या माणसांना योग्य प्रशिक्षण, साधने आणि सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती द्यायची. यातला ‘योग्य’ हा शब्द सोयीचा आहे. किती तास शिकवायचे, कुणी शिकवायचे, शेवटी परीक्षा घ्यायची की नाही, यावर नियम गप्प आहेत. त्याच वर्षी आलेले जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मात्र स्पष्ट बोलतात. रुग्णालयातला कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचे, शिवाय हेपटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी टोचायच्या. घातक माल वाहून नेणाऱ्या ट्रकच्या चालकासाठीही मोटार वाहन नियमांनी तीन दिवसांचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. सिरिंज उचलणाऱ्याचे आणि ट्रक चालवणाऱ्याचे प्रशिक्षण असे मोजूनमापून, आणि आम्लाचे पिंप त्या ट्रकवर चढवणाऱ्याचे मात्र ‘योग्य’. ही तफावत खटकणारी आहे.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर तासांत दिले. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा वर आला, रहिवाशांना हलवावे लागले आणि १९८० मध्ये अशा जागा साफ करण्यासाठी ‘सुपरफंड’ कायदा झाला. साफसफाई सुरू झाल्यावर लक्षात आले, की जागा साफ करणाऱ्या माणसांचे काय करायचे हे कुणी ठरवलेलेच नाही. त्यातून पुढे ‘हॅझवोपर’ या नावाने ओळखले जाणारे नियम आले. दूषित जागेवर नेहमीचे काम करणाऱ्याला ४० तासांचे शिक्षण आणि त्यानंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली तीन दिवस प्रत्यक्ष काम. कचरा प्रक्रिया केंद्रातल्या कामगाराला २४ तास. आणि सगळ्यांना दरवर्षी ८ तासांची उजळणी. नुसत्या तासांनी माणूस शहाणा होत नाही हे खरे. तरी तास ठरलेले असले, की दहा मिनिटांचे भाषण आणि हजेरीपटावरची सही याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

भारतातली यासंबंधीची महत्त्वाची कलमे भोपाळनंतरची. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झालेल्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात घातक प्रक्रियांवरचे एक पूर्ण प्रकरण घालण्यात आले. जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा, आपल्या आरोग्याविषयीची माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क कामगाराला लेखी मिळाला तो तेव्हा. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही माहिती मागण्याचा आणि धोका कळवण्याचा हक्क कायम आहे. चांगल्या प्रशिक्षणाचा पहिला तास या हक्कावर खर्च होतो, कारण ‘हे पिंप मी उचलणार नाही’ असे म्हणण्याची मुभाच नसेल तर बाकीचे शिकून उपयोग नाही.

त्यानंतर येते लेबल. नियमांच्या आठव्या नमुन्यात त्याचे वर्णन आहे. जमीन झगझगीत पिवळी आणि त्यावर ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. लेबल पाण्याने धुऊन जाणारे नको, ऊनपावसात टिकणारे हवे. त्यावर कचऱ्याचा प्रकार, प्रमाण, साठवल्याची तारीख, कुणाकडून निघाला आणि कुणाकडे चालला, हे लिहायचे. तारखेला महत्त्व आहे, कारण कारखान्याच्या आवारात असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रत्यक्षात पिवळे लेबल चिकटवले जाते ते गाडी दारात आल्यावर, आणि ते भरतो तो ऑफिसातला माणूस, ज्याने पिंपात काय ओतले हे पाहिलेले नसते. हा क्रम उलटा आहे. पहिला थेंब पडण्याआधी लेबल लागले पाहिजे आणि दरवेळी ओतणाऱ्याने त्यावर नोंद केली पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ओतण्याच्या प्रत्येक जागेला वेगळ्या रंगाचे पिंप ठेवणे, हा सोपा आणि चालणारा उपाय आहे.

लेबलाचा आग्रह का, हे कळते कोणता कचरा कशाशेजारी ठेवू नये हे शिकताना. आम्ल आणि सायनाइडयुक्त द्रावण एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. आम्ल आणि सल्फाइड एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड. ब्लीचिंगच्या द्रावणात आम्ल पडले की क्लोरीन. नायट्रिक आम्ल सॉल्व्हंटच्या पिंपात गेले तर ते तापत जाते आणि कधी कधी तास-दोन तासांनी, सगळे घरी गेल्यावर फुटते. सांडलेले नायट्रिक आम्ल लाकडाच्या भुशाने टिपू नये, तेही याच कारणाने. त्याला कोरडी वाळू लागते. हे जोड्यांचे गणित आहे. फळ्यावर लिहून दिलेले ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पण कागदी कार्डांच्या जोड्या लावायला दिल्या, की सातवी शिकलेला माणूसही तासाभरात बरोबर लावतो.

जोडी चुकली तर काय होते, ते ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत दिसले. एका टँकरमधला रासायनिक कचरा बेकायदा नाल्यात सोडला जात होता. तिथून सुटलेला विषारी वायू जवळच्या कापड गिरणीत शिरला. सहा कामगार गेले, वीसहून अधिक आजारी पडले. मेलेल्यांपैकी कुणी त्या कचऱ्याला हातही लावलेला नव्हता.

आता प्रत्यक्ष पिंपाकडे. उचलण्याआधी ते नुसते पाहायला शिकवावे लागते. वरचे झाकण घुमटासारखे फुगले असेल, तर आत वायू साठून दाब वाढलेला असतो. अशा पिंपाला हात लावायचा नाही, लांबून त्याच्याभोवती दोर बांधून जागा अडवायची आणि वरिष्ठाला बोलवायचे. बाजू आत दबल्या असतील तर आतली वाफ थंड होऊन पोकळी झालेली असते. बूड ओले दिसले तर ते तिरके करायचे नाही. प्रयोगशाळेतल्या जुन्या इथरच्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले, तर ती बाटली उघडण्याच्या फंदात कुणीही पडू नये. तो पेरॉक्साइड असू शकतो आणि झाकण फिरवताना होणाऱ्या घर्षणानेही त्याचा स्फोट होतो. झाकणाचे बूच उघडायचे असेल तर पितळी किंवा ठिणगी न पाडणाऱ्या धातूचा पाना घ्यायचा, बूच अर्धा आटा फिरवून थांबायचे, आतला श्वास हळूहळू सुटू द्यायचा आणि तोंड बाजूला ठेवायचे. ज्वालाग्राही द्रव एका पिंपातून दुसऱ्यात काढताना दोन्ही पिंपांना तार जोडून ती जमिनीत उतरवायची, कारण नळीतून वाहणाऱ्या द्रवामुळे स्थिर वीज साठते आणि एक बारीक ठिणगीही पुरते.

सर्वाधिक फसवते ते रिकामे पिंप. भरलेल्या पिंपात द्रवावर हवेला जागा थोडी असते. रिकाम्यात तळाला चिकटलेल्या वाटीभर सॉल्व्हंटची वाफ पूर्ण २०० लिटर हवेत मिसळते, आणि पेट घ्यायला नेमके असेच मिश्रण लागते. भंगारात गॅस कटर लावल्यावर फुटणारी पिंपे बहुधा रिकामीच असतात. न फुटलेल्यांची दुसरी वाट चाळी, झोपडवस्त्या आणि गावांकडे जाते. दोन वेळा साबणाने धुतलेले निळे पिंप दारात पाण्यासाठी उभे राहते, आणि प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेले रसायन उन्हात सावकाश पाण्यात उतरत राहते. कारखान्याच्या आत शिकवलेला धडा फाटकाबाहेर संपू नये असे वाटत असेल, तर पिंप भंगारात देण्याआधी भोसकून किंवा चिरून निकामी करायची पद्धत कामगाराला माहीत हवी, आणि ती पाळण्याचा अधिकारही हवा.

अंगावर घालायच्या साधनांबद्दल गैरसमज बरेच. हातमोजा घातला की हात सुरक्षित, हा पहिला. खरे तर प्रत्येक रसायन मोज्यातून कधी ना कधी पार होतेच; प्रश्न एवढाच, की किती मिनिटांत. साधा रबरी लॅटेक्सचा मोजा अनेक सॉल्व्हंटपुढे काही मिनिटे टिकतो, आणि मोजा बाहेरून अगदी धड दिसत असतानाच रसायन आत पोहोचलेले असते. तेलासाठी नायट्राइल चालतो, ॲसिटोनसाठी चालत नाही, तिथे ब्युटाइल लागतो. दुसरा गैरसमज मास्कचा. तोंडावर रुमाल बांधला की ‘गॅस लागत नाही’ अशी समजूत औद्योगिक वसाहतींत सर्रास आढळते. रुमाल धूळही नीट अडवत नाही, वाफ अडवण्याचा तर प्रश्नच नाही. डबी लावलेला मास्क वाफ शोषतो, पण ठरावीक प्रकारचीच. डब्यांवरच्या रंगपट्ट्या युरोपीय आणि अमेरिकी पद्धतींत वेगवेगळ्या आहेत. अमोनियाची हिरवी पट्टी दोन्हीकडे सारखी असली तरी पिवळ्या पट्टीचा अर्थ मात्र बदलतो, आणि इथल्या बाजारात दोन्ही प्रकारचा माल मिळतो. म्हणून रंग पाठ करून घेण्यापेक्षा डबीवरचे अक्षर आणि नाव वाचायला शिकवलेले बरे. शिवाय दाढी वाढलेली असेल तर मास्कची कड गालाला चिकटत नाही, आणि हवेत प्राणवायूच कमी असेल तर कितीही महागडी डबी निरुपयोगी ठरते.

साधने घालण्यापेक्षा काढणे अवघड. बाहेरच्या बाजूला रसायन लागलेले असते, आणि दमलेला माणूस घाईघाईने तीच बाजू गालाला, मानेला लावून घेतो. हे दाखवायला फार खर्च लागत नाही. मोजे आणि अंगरख्यावर गुलाल किंवा नीळ फासायची, कामगाराला तो पोशाख उतरवायला सांगायचे आणि मग आरशासमोर उभे करायचे. कानामागे, मनगटावर, कधी मिशीवर रंग दिसतो. हसे होते, पण एक मोजा दुसऱ्या मोज्याने बाहेरून धरून उलटा काढायचा आणि उघड्या बोटाने दुसऱ्याच्या फक्त आतल्या बाजूला स्पर्श करायचा, ही क्रिया त्यानंतर कुणी विसरत नाही.

आणि उष्मा. हवाबंद पोशाखात घाम वाळत नाही. बुटीबोरीच्या मे महिन्यात किंवा तळोज्याच्या दमट ऑक्टोबरात असा पोशाख घालून तासभर पिंपे हलवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. भोपाळच्या बंद कारखान्यात चाळीस वर्षे पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा शेवटी बांधून काढण्यात आला, तेव्हा हा विचार झालेला दिसला. सुमारे शंभर कामगार तीस-तीस मिनिटांच्या पाळ्यांत काम करत होते; दर पाळीनंतर त्यांना विश्रांती दिली जात होती आणि त्यांची तब्येत तपासली जात होती. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनरमधून तो कचरा सुमारे २५० किलोमीटर दूर पीथमपूरला निघाला. देशाचे लक्ष ज्या कचऱ्याकडे लागलेले असते, त्याच्यासाठी अर्ध्या तासाची पाळी लावता येते. रोजच्या कचऱ्यासाठी ती लावलेली क्वचितच दिसते.

या कामातला सर्वात जीवघेणा भाग म्हणजे टाकीत उतरणे. गाळाच्या टाकीत, रिॲक्टरमध्ये किंवा बंद खड्ड्यात हवा बाहेरच्यासारखी असेलच असे नाही. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर आत जायचे नाही. सडणाऱ्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले, की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आत उतरतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, मिथेन वर चढतो. म्हणून मापकाची नळी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी सोडायची. आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वायू, शेवटी विषारी वायू, हा क्रम पाळायचा, कारण प्राणवायू कमी असेल तर ज्वालाग्राही वायूचे माप चुकू शकते. उतरण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी परवाना लागतो. उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर असतो आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात.

त्या बाहेरच्या माणसाचे प्रशिक्षण आत उतरणाऱ्याइतकेच महत्त्वाचे. साथीदार कोसळलेला दिसला की पहिली ऊर्मी आत उडी घेण्याची असते. अमेरिकेच्या ‘निऑश’ या संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते, की बंद जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. भाऊ, मेहुणे, एकाच गावातले मित्र एकत्र काम करतात अशा ठिकाणी ही ऊर्मी अधिकच अनावर होते. आत जायचे नाही, दोर ओढायचा, हाका मारायच्या, हवेचा पंखा चालू करायचा, हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत करून घ्यावे लागते. एका माणसाला खरोखर दोराने वर ओढायला लावले, की कप्पी आणि तिकाटण्याशिवाय बेशुद्ध माणूस मॅनहोलमधून वर येत नाही, हेही कळते.

सांडलेल्या कचऱ्याचा सरावही असाच खरा हवा. बादलीभर रंगीत पाणी शेडमध्ये ओतायचे आणि घड्याळ लावायचे. आधी माणसे दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. मग पिंपावरचे नाव वाचणे. मग वाळूने बांध घालून पाणी गटाराच्या जाळीपर्यंत जाऊ न देणे. शेवटी टिपून दुसऱ्या पिंपात भरणे. टिपलेली वाळूही घातक कचरा झालेली असते, तिलाही पिवळे लेबल लागते. पहिल्या सरावात गटाराची जाळी झाकायचे बहुतेकांना सुचत नाही.

वाहतुकीचा भाग कागदांचा आहे. कचऱ्याबरोबर सात रंगांच्या सात प्रतींचे मॅनिफेस्ट निघते : पांढरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, बाकीच्यांपैकी काही वाहतूकदार आणि स्वीकारणारा यांच्याकडे राहतात, तर काही स्वीकारणाऱ्याकडून मंडळाला आणि पाठवणाऱ्याला परत जातात. चालकाजवळ आणीबाणीत काय करावे हे सांगणारे कार्ड असते. ते केबिनमध्ये, हाताशी हवे. मालाबरोबर मागे ठेवलेले कार्ड आग लागल्यावर कुणालाच वाचता येत नाही.

महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामायिक केंद्रे आहेत. तिथल्या फाटकावर गाडीतून नमुना घेऊन झटपट तपासणी होते. तिला तिथे ‘फिंगरप्रिंट’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे : कारखान्याने आधी दिलेल्या तपशिलाशी या कचऱ्याचा अंगठा जुळतो का, एवढेच पाहायचे असते. जुळला नाही तर गाडी थांबते. नमुना घेणारा कामगार हा त्या केंद्रातला सर्वात जास्त धोका पत्करणारा माणूस, कारण न ओळखलेल्या कचऱ्याचे झाकण पहिल्यांदा तोच उघडतो. पुढे काही कचरा चुना-सिमेंटने घट्ट करून अस्तर घातलेल्या भूभरावात पुरला जातो, काही भट्टीत जातो, काही सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून वापरला जातो. जाळण्याच्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात वायूंना ११०० अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद राहावे लागते. भट्टी भरणारा कामगार एकदम जास्त उष्मांकाचे पोते आत टाकतो तेव्हा तापमान उसळते आणि ज्वाळा उलट तोंडाकडे येते. म्हणून पोती कोणत्या क्रमाने टाकायची, हे त्याला शिकवावे लागते. जाळले म्हणजे संपले असेही नाही. पीथमपूरला भोपाळचा कचरा ३० जून २०२५ पर्यंत जाळून झाला, आणि त्यात मिसळलेल्या चुन्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. राखही घातक कचऱ्यातच मोडते. ती उपसणाऱ्यालाही मास्क लागतो.

या साखळीत सर्वात कमी शिकवला जातो तो ठेकेदाराचा माणूस. कायम कामगाराला वर्षाकाठी तास-दोन तास मिळतात. ठेकेदाराचा हेल्पर बदली म्हणून रविवारी येतो आणि त्याच दिवशी गाळाच्या हौदावर उभा राहतो. तो बहुधा बिहार, झारखंड किंवा ओडिशाचा असतो, सूचना मराठी-इंग्रजीत असतात, आणि ‘समजलं का?’ या प्रश्नाला तो ‘हां साब’ म्हणतो. त्या होकारावर प्रशिक्षण पूर्ण झाल्याची सही होते. समजले की नाही हे विचारून कळत नाही, करून दाखवायला सांगितले की कळते : हे लेबल वाच, हा मास्क चढव, या चार पिंपांतली कोणती दोन शेजारी ठेवणार नाहीस ते दाखव.

साखळीच्या पार टोकाला तर कुणीच कुणाला शिकवलेले नसते. दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये एका विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने किरणोत्सर्जन यंत्र आले. ते १९८५ पासून वापरात नव्हते. शिशाचे कवच सोलल्यावर आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, त्याचे तुकडे हातोहात फिरले. अनेक जण भाजल्यासारख्या जखमा आणि केस गळणे घेऊन रुग्णालयात गेले, एकाचा मृत्यू झाला. किरणोत्सर्गी कचरा २०१६ च्या नियमांच्या कक्षेबाहेर, अणुऊर्जा कायद्याखाली येतो. मायापुरीत मात्र तो इतर लोखंडाबरोबर त्याच तराजूत पडला होता.

शेवटचा विषय तब्येतीच्या तपासणीचा, आणि तो सहसा प्रशिक्षणाच्या बाहेर ठेवला जातो. ते बरोबर नाही, कारण लक्षण पहिल्यांदा कळते ते कामगाराला. क्रोमियमच्या हौदावर काम करणाऱ्याच्या नाकाच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पडते. ते दुखत नाही, म्हणून तो सांगत नाही. शिशाच्या गाळात काम करणाऱ्याचे पोट दुखते, तो ते खाण्यावर ढकलतो. बेंझिनचा परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसतो, तोही पुष्कळ नंतर. कोणत्या कामाला कोणती तपासणी आणि कोणत्या लक्षणाकडे लक्ष द्यायचे, हे कामगाराला माहीत असले तरच डॉक्टरला काही विचारता येते. ठेकेदार बदलला की कामगाराची नोंदवही मागे राहते आणि नव्या ठिकाणी त्याचे रक्त पहिल्यांदाच तपासले जात असल्यासारखे कोरे कार्ड तयार होते. म्हणून काही प्रशिक्षक शेवटच्या तासाला प्रत्येकाला एक प्लास्टिकची पिशवी देतात : दर तपासणीच्या कागदाची प्रत मागून घ्यायची, तारीख टाकायची आणि ती पिशवी घरी, रेशन कार्डाच्या शेजारी ठेवायची.